किबल्याकडचा वारा आणि जपानी पडवी

माणसाला एखादा शौक असावा, असे आपल्या घरांतून नेहमी सांगितले जाते. तो खरोखरच लागला की त्याच घरांतून त्याची चेष्टाही होते. आमच्या वाट्याला हे दोन्ही आले. वस्तूंचा घाट, इमारतींची बांधणी, संगीत आणि जपानी ॲनिमेशन असे चार शौक आम्ही गेली तीस वर्षे बाळगून आहोत. पहिल्या तिघांना लोक समजून घेतात. चौथ्याचे नाव काढले की समोरचा हसतो आणि विचारतो, 'या वयात कार्टून?' या प्रश्नाचे उत्तर आम्ही आजवर हसण्यावारी नेले. पण मार्च २०२५ मध्ये असे काही घडले, की नीट उत्तर देणे भाग आहे असे आम्हांला वाटू लागले.

त्या महिन्याच्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनातून कोणताही फोटो 'जिब्ली शैलीत' करून घेण्याची लाट आली. त्या वर्षी रमजान ईद ३१ मार्चला होती. ईदच्या दिवशी आमच्या मोबाईलवर शंभराच्या वर शुभेच्छा आल्या आणि त्यांतल्या निम्म्या तरी जिब्लीच्या कपड्यांत आल्या. शिरखुर्म्याच्या वाट्या, नव्या टोप्या, गळाभेट घेणारे भाऊबंद, लग्नातली जोडपी, सगळ्यांचे डोळे मोठे, गाल गुलाबी आणि पाठीमागे ढग. ज्यांनी आम्हांला तीस वर्षे हसून घेतले, तेच आता विचारत होते, 'हे तुमचेच ना?' आम्ही 'हो' म्हणालो नाही आणि 'नाही' म्हणणेही आम्हांला जड गेले. त्या चित्रांत काय नव्हते, ते सांगण्याचा प्रयत्न या लेखात करणार आहोत.

सुरुवात नावापासून करू. हायाओ मियाझाकी, इसाओ ताकाहाता आणि निर्माते तोशिओ सुझुकी यांनी १९८५ साली तोक्योत जो स्टुडिओ सुरू केला, त्याला 'जिब्ली' हे नाव मियाझाकींनी दिले. मियाझाकींना लहानपणापासून विमानांचे वेड. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इटलीत काप्रोनी कंपनीचे 'गिब्ली' नावाचे एक विमान होते, त्यावरून हे नाव आले. इटालियनांनी ते लिबियातून उचलले होते. लिबियातल्या अरबी बोलीत 'किबली' म्हणजे किबल्याच्या बाजूने, दक्षिणेकडून येणारा वाळवंटाचा उष्ण वारा. किबलीचे गिब्ली झाले. जपान्यांनी इटालियन अक्षरांचा उच्चार आपल्या परीने केला आणि त्याचे 'जिबुरी' झाले. म्हणजे मूळ शब्द अरबांचा, वापरला इटलीने, प्रसिद्ध केला जपानने, आणि आपण तो इंग्रजी वाटेने घेऊन जिब्ली म्हणतो.

शब्दांचा असा प्रवास आम्हां मराठी मुसलमानांना नवा नाही. दुकान, कागद, पोशाख, हवा, खबर हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीने ते इतके आपलेसे केले, की परके कोणते आणि घरचे कोणते हे आता कुणी विचारत नाही. शब्द वापरात पडला, त्याच्यात माणसांचे जगणे शिरले की तो घरचा होतो. शैलीचेही तसेच असते. तिच्यात जगणे शिरलेले असते, म्हणूनच ती शैली होते. ते जगणे काढून घेतले तर मागे केवळ नक्कल उरते.

आता शौकांकडे येतो, आणि पहिला वस्तूंच्या घाटाचा घेतो.

मियाझाकींचा 'द विंड रायझेस' हा चित्रपट २०१३ साली आला. त्याचा नायक जिरो होरिकोशी हा खऱ्या आयुष्यातला विमानरचनाकार. जपानच्या नौदलाचे 'झिरो' हे लढाऊ विमान त्याच्या हातचे. चित्रपटात जिरो खाणावळीत बसून मॅकरेल मासा खातो आहे. खाता खाता तो काडीने एक काटा उचलतो आणि त्याच्या बाकाकडे बघतच राहतो. शेजारचा मित्र त्याला हसतो. जिरोला मात्र त्या काट्यात विमानाच्या पंखाची रेषा दिसलेली असते. मासे खाऊन वाढलेल्या आम्हां कोकणातल्या माणसांना हे दृश्य विशेष भिडते. बांगड्याचा काटा आम्ही आयुष्यभर ताटाच्या कडेला ठेवला, त्यात कधी काही पाहिले नाही. चांगली रचना माणूस हवेतून काढत नाही. ती तो आधीपासून असलेल्या गोष्टीत ओळखतो. ही गोष्ट एखादे पुस्तक वाचून कळावी त्याहून अधिक या दोन मिनिटांत कळते.

याच चित्रपटात विमानांच्या इंजिनांचे आणि १९२३ च्या कांतो भूकंपाचे आवाज माणसांच्या तोंडून काढलेले आहेत. जमीन हादरते तेव्हा ती एखाद्या जनावरासारखी घुमते, आणि ती घरघर कुणाच्या तरी गळ्यातून आलेली असते. यंत्राचा आवाज माणसाकडून काढून घेणे ही कल्पनाच आम्हांला आजच्या काळाच्या उलट्या दिशेची वाटते.

तरीही आमचा या चित्रपटाशी वाद आहे, आणि तो लपवण्याचे कारण नाही. मियाझाकींचा जन्म १९४१ चा. त्यांच्या घरच्यांचा विमानाचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना होता आणि झिरो विमानांची सुकाणू तिथे तयार होत. म्हणजे सुंदर वस्तू आणि तिचा उपयोग यांतला पेच त्यांच्या घरातलाच. चित्रपट हा पेच मांडतो, शेवटी मोडक्या विमानांचा ढीगही दाखवतो, आणि आपले एकही विमान परत आले नाही असे नायक म्हणतो. पण ही विमाने गेली कुठे? झिरो पहिल्यांदा लढाईत उतरले ते १९४० साली, चीनच्या आकाशात. त्या आकाशाखाली जी माणसे होती, ती या चित्रपटात कुठेच नाहीत. नायकाचे दुःख आहे, त्याच्या आजारी पत्नीचे दुःख आहे. ज्यांच्यावर ही सुंदर रेषा चालून गेली त्यांच्या दुःखाला पडद्यावर जागा नाही. आमचे मियाझाकींवर प्रेम आहे, म्हणूनच ही उणीव आम्हांला जास्त लागते. वस्तू कितीही देखणी असली तरी तिच्याखाली कोण उभे आहे हे पाहिल्याशिवाय तिची समीक्षा पुरी होत नाही.

दुसरा शौक इमारतींचा. १९८८ च्या 'माय नेबर टोटोरो' या चित्रपटाला तसे कथानक नाहीच. १९५० च्या दशकातला जपान, दोन लहान बहिणी आणि त्यांचे वडील खेड्यातल्या एका जुन्या घरात राहायला येतात, आई रुग्णालयात आहे, जंगलात एक प्रचंड केसाळ प्राणी राहतो. एवढेच. पण त्या घराचे काय सांगावे! घर मुख्यतः जपानी पद्धतीचे आहे. सरकती दारे, चटयांच्या खोल्या आणि बाहेरच्या कडेने लाकडी फळ्यांची एक अरुंद पडवी, जिला जपानीत एंगावा म्हणतात. त्या घराला एका बाजूला पाश्चात्त्य पद्धतीची एक खोली जोडलेली आहे. ती वडिलांची अभ्यासाची खोली. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत जपानी मध्यमवर्गाने अशी अर्धी-अर्धी घरे पुष्कळ बांधली. जुने सोडवत नाही आणि नवे तर हवे आहे, या मनःस्थितीचा तो नकाशाच म्हणावा लागेल.

एंगावा ही घराच्या आतही नाही आणि बाहेरही नाही. तिथे बसून वडील लिहितात, मुली पाय सोडून बसतात, शेजारची म्हातारी येऊन टेकते. कोकणातल्या घराची पडवी ज्याने वापरली आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. आलेल्या माणसाला आत घ्यायचे की बाहेरूनच वाटेला लावायचे, हे ठरण्यापूर्वी त्याला बसायला दिलेली जागा म्हणजे पडवी. ज्या घराला पडवी आहे, त्याने परक्या माणसासाठी काही जागा आधीच सोडून ठेवलेली असते. टोटोरो हा मुळात अशा परक्याचाच चित्रपट आहे.

चित्रपटाची पार्श्वचित्रे कलादिग्दर्शक काझुओ ओगा यांच्या देखरेखीखाली रंगली. मुली धावत येतात आणि पडवीपुढचा कुजलेला खांब हलवून पाहतात, तेव्हा वरून भुसा पडतो. रात्री वारा सुटतो तेव्हा सगळे घर कुरकुरते, आणि न्हाणीत बसलेला बाप मुलींना मोठ्याने हसायला लावतो, म्हणजे भीती पळेल. ज्याने खांब कुजलेला दाखवला, त्याला घर कसे म्हातारे होते ते ठाऊक आहे. हे घर पुढे २००५ साली आयची येथील जागतिक प्रदर्शनासाठी खरोखर बांधले गेले, आणि २०२२ साली तिथेच सुरू झालेल्या जिब्ली पार्कचा ते आता भाग आहे. कागदावरचे चित्र सुतारांच्या हाती दिले आणि त्याचे घर उभे राहिले. मोजमाप मनात पक्के असल्याशिवाय हे होत नाही.

'स्पिरिटेड अवे' (२००१) मधली इमारत वेगळ्या कारणासाठी पाहावी. बर्लिन महोत्सवात २००२ साली सुवर्ण अस्वल आणि २००३ साली ऑस्कर मिळवणाऱ्या या चित्रपटाची बहुतेक गोष्ट एका अवाढव्य स्नानगृहात घडते. तोक्योजवळ कोगानेई येथे १९९३ साली जुन्या इमारतींचे एक खुले संग्रहालय सुरू झाले. पाडल्या जाणाऱ्या इमारती उचलून आणून तिथे पुन्हा उभ्या केल्या आहेत. मियाझाकी तिथे नेहमी जात. त्यातल्या एका जुन्या लेखनसामग्रीच्या दुकानात भिंतभर लहान लहान खण आहेत. चित्रपटात तेच खण तळघरातल्या बॉयलरच्या खोलीत आले आणि सहा हातांचा म्हातारा कामाजी त्यांतून औषधी मुळ्या काढू लागला.

या स्नानगृहाचा उभा छेद घेऊन पाहिला तर समाजाचा छेद समोर येतो. सर्वांत खाली कोळसा, धूर आणि कामाजी. त्याच्यावर कामकरी बायकांची दाटीवाटीची खोली, जिथे गाद्या एकमेकींना टेकून घातलेल्या आहेत. मध्ये पाहुण्यांचे सोनेरी दिवाणखाने. सर्वांत वर मालकीण युबाबा, गालिचे आणि मोठाल्या फुलदाण्यांच्या पाश्चात्त्य थाटात. दहा वर्षांची चिहिरो काम मागायला तळातून शेंड्यापर्यंत जाते, तेव्हा कोणता जिना कोणासाठी आहे ते आपल्यालाही कळत जाते. वर पोहोचल्यावर युबाबा करारावर तिची सही घेते आणि तिचे नावच काढून घेते. चिहिरोची 'सेन' होते. नाव विसरलात तर परत जाता येणार नाही, असे तिला बजावले जाते. ज्यांना नोकरीसाठी किंवा भाड्याच्या खोलीसाठी आपले नाव हळू आवाजात सांगावे लागले आहे, त्यांना या प्रसंगाचा अर्थ वेगळा फोडून सांगायला नको.

आणि तिला मदत करणारा हाकू? तो एक नदी असतो. त्याची नदी बुजवून तिथे इमारती उठल्या, म्हणून त्याला जायला घर उरलेले नाही. हे सारे चित्रपटात दोन वाक्यांत सांगितले जाते, त्याचे अवडंबर केले जात नाही.

तिसरा शौक संगीताचा. मियाझाकींच्या चित्रपटांचे संगीतकार जो हिसाइशी यांचे मूळ नाव मामोरू फुजिसावा. अमेरिकन संगीतकार क्विन्सी जोन्स यांच्या नावाचा जपानी उच्चार घेऊन त्यांनी स्वतःचे हे नाव रचले. मोजके स्वर पुन्हा पुन्हा, किंचित बदल करत मांडण्याच्या मिनिमल संगीताकडे त्यांचा सुरुवातीपासून ओढा. चित्रपट पुरा होण्याआधी दिग्दर्शकाच्या टिपणांवरून आणि चित्रांवरून ते काही रचना करतात आणि त्यांची वेगळी ध्वनिमुद्रिका निघते. 'नॉसिका'साठी अशी मुद्रिका १९८३ साली, म्हणजे चित्रपटाच्या आदल्या वर्षी निघाली. असे झाले म्हणजे संगीत नंतर वरून लावलेला रंग न राहता चित्रपटाच्या पायातच घातले जाते.

पण हिसाइशींचे मोठेपण आम्हांला त्यांच्या थांबण्यात दिसते. 'स्पिरिटेड अवे' मध्ये चिहिरो आगगाडीने सहाव्या स्थानकाकडे निघते तो प्रसंग आठवावा. रूळ पाण्याखाली, गाडी एकाच दिशेने जाणारी, परतीची गाडी आता नाही. डब्यात सावल्यांसारखे प्रवासी. ते आपापल्या स्थानकावर उतरतात. कोणी बोलत नाही. पियानोचे थोडे स्वर, मग पाणी, मग पुन्हा थोडे स्वर. गोष्ट पुढे सरकत नाही आणि तरी मुलगी त्या बाकावर बसल्या बसल्या मोठी होते. जपानीत या रिकाम्या अवकाशाला 'मा' म्हणतात. अमेरिकन समीक्षक रॉजर एबर्ट यांनी २००२ साली मियाझाकींची मुलाखत घेतली, तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवून दाखवल्या आणि दोन टाळ्यांमधली जी वेळ आहे ती म्हणजे 'मा', असे सांगितले. विलंबित ख्यालात समेवर येण्याआधी गवई क्षणभर थांबतो आणि सारी बैठक श्वास धरते. आपल्याकडे त्या थांबण्याला वेगळे नाव नाही, पण कानाला ते ठाऊक आहे.

ही शांतता सगळ्यांना पचत नाही. १९८६ च्या 'कॅसल इन द स्काय' चे इंग्रजी रूप अमेरिकेत आणताना वितरकांना मूळ चित्रपटात संगीताशिवायच्या जागा फार वाटल्या. हिसाइशींनी स्वतःच नवे, अधिक लांबीचे संगीत करून दिले. आम्ही दोन्ही ऐकली आहेत. नवे वाद्यवृंदाने भरलेले आहे, भरजरी आहे, त्याला वाईट म्हणता येणार नाही. पण जुन्यात आकाश रिकामे असे, आणि आकाश रिकामे असणे हीच त्या चित्रपटाची गोष्ट होती.

चौथ्या शौकाकडे, म्हणजे खुद्द जपानी ॲनिमेशनकडे, आम्ही १९९३ साली वळलो. दूरदर्शनवर हिंदीत 'जंगल बुक' लागले तेव्हा. शीर्षकगीत गुलजारांचे आणि संगीत विशाल भारद्वाज यांचे असल्यामुळे ही मालिका मूळची जपानी, १९८९ ची आहे हे कित्येकांच्या ध्यानीही आले नाही. आम्ही तेव्हा नोकरीला लागलेलो होतो आणि घरातल्या लहानांच्या मागे उभे राहून मोगली बघत होतो. त्यानंतर कुणीतरी दिलेल्या एका सीडीवर आम्ही ताकाहातांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' पाहिला. 'कार्टून' हा शब्द त्या रात्री आमच्या तोंडून गेला तो पुन्हा आला नाही.

हा चित्रपट अकियुकी नोसाका यांच्या १९६७ च्या कथेवरचा. १६ एप्रिल १९८८ रोजी तो टोटोरोच्या जोडीने, एकाच तिकिटात दाखवण्यासाठी प्रदर्शित झाला. एका पडद्यावर, एकाच दिवशी, एक घर उभे राहिलेले आणि एक जळालेले! कोबे शहरावर जून १९४५ मध्ये आगीचे बॉम्ब पडतात, आई मरते, चौदा वर्षांचा सेइता आणि चार वर्षांची सेत्सुको एका नातेवाईक बाईच्या घरी जातात. तिथे घासाघासाचा हिशेब सुरू होतो. मुले बाहेर पडून तळ्याकाठच्या एका भुयारात राहू लागतात. त्या भुयाराला पडवी नसते. येणारे-जाणारे कुणी टेकत नाही. गोळ्यांचा पत्र्याचा डबा रिकामा होतो, त्यात पाणी घालून ते प्यायले जाते, आणि पुढे त्याच डब्यात सेत्सुकोची हाडे राहतात. ताकाहाता स्वतः नऊ वर्षांचे असताना ओकायामाच्या बॉम्बहल्ल्यातून वाचले होते. तरीही या चित्रपटाला युद्धविरोधी चित्रपट एवढेच म्हणायला ते तयार नसत. समाजापासून तुटून दोघांनीच जगू पाहणाऱ्या भावंडांची ही गोष्ट आहे, असे त्यांचे म्हणणे. आमच्या मते या म्हणण्यात त्यांनी मुलांवर थोडा अन्याय केला. मुले समाजापासून तुटली हे खरे, पण त्यांना आधी तोडले कुणी? त्या घरातल्या बाईने भाताच्या भांड्यावर बोट ठेवले ते युद्ध दारात होते म्हणूनच ना?

कोबेचे नाव निघाले की आम्हांला आणखी एक इमारत आठवते. चित्रपटाचा तिच्याशी संबंध नाही, पण इमारतींच्या शौकीनाला ती सोडून पुढे जाववत नाही. कोबे मशीद १९३५ साली उघडली. ही जपानमधली पहिली मशीद. कोबेत व्यापारासाठी राहिलेल्या भारतीय मुसलमानांनी, तुर्की-तातारांनी आणि इतरांनी वर्षानुवर्षे वर्गणी जमवून ती उभी केली. वास्तुविशारद होते चेक देशातले यान श्वाग्र. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत आजूबाजूची वस्ती जळून गेली आणि ही मशीद उभी राहिली. १९९५ च्या भूकंपातही ती उभी राहिली. भोवतालच्या राखेत उभ्या असलेल्या त्या इमारतीची जुनी छायाचित्रे पाहताना आम्हांला अभिमानाहून अधिक अस्वस्थ वाटते. इमारत वाचली याचा आनंद तर होतोच. पण तिच्याभोवती जी लाकडी घरे होती, त्यांत कितीतरी सेइता आणि सेत्सुको होते. छायाचित्रात उभे राहिलेले तेवढे दिसते. राख झालेल्या गोष्टी दाखवायला ताकाहातांसारखा कुणीतरी लागतो.

आता त्या ईदच्या चित्रांकडे परत येऊ. आमच्या पुतण्याने आम्हांला खूश करण्यासाठी गावच्या घराच्या फोटोचे जिब्ली चित्र करून पाठवले. घर जांभ्या दगडाचे, मंगलोरी कौलांचे, पणजोबांच्या वेळचे. ते पाडून तिथे सदनिका बांधायच्या, असे भाऊबंदांत ठरलेले आहे. सही आम्हीही केली आहे, त्यामुळे कुणाला दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. चित्र छान होते. कौले लाल, आभाळ निळे, दारापुढे फुलांचे ताटवे. आम्ही चष्मा पुसून पुन्हा पाहिले. पायऱ्या पाच होत्या त्या तीन झाल्या होत्या. दादी जिथे कंदील ठेवायची तो कोनाडा नव्हता. पडवीच्या ज्या खांबावर आम्हां सहा भावंडांच्या उंचीच्या खुणा कोयत्याने केलेल्या होत्या, तो खांब सरळ आणि गुळगुळीत होता. पुतण्याने विचारले, 'चाचा, आवडलं?' आम्ही म्हणालो, 'बेटा, घर कुणाचं आहे हे?' तो थोडा हिरमुसला. आम्हांलाही मग वाईट वाटले, कारण त्याचे प्रेम खोटे नव्हते.

मियाझाकींना २०१६ साली संगणकाने आपोआप हलवलेली एक आकृती दाखवण्यात आली होती. त्यांना तेव्हा अपंगत्वामुळे ज्याला साधी टाळी देणेही कठीण जाते असा आपला एक मित्र आठवला, आणि हा तर जगण्याचाच अपमान आहे, अशा अर्थाचे ते बोलले. हे दृश्य जपानी दूरचित्रवाणीच्या माहितीपटात आहे. लोक ते यंत्रांविरुद्धचे भाषण म्हणून वापरतात. आम्हांला त्यात त्या मित्राची आठवण महत्त्वाची वाटते. समोर आकृती आली तेव्हा त्यांना एक ठराविक माणूस, त्याचा ठराविक हात आठवला. जिब्लीची शैली आहे ती इथे: कुणाचा हात, कुणाचा खांब, कितवी पायरी.

ताकाहातांच्या 'पोम पोको' (१९९४) मध्ये तोक्योच्या कडेला तामा न्यू टाऊन नावाचे नवे शहर उभे राहताना तिथले तानुकी, म्हणजे रूप बदलण्याची विद्या असलेले रानातले प्राणी, बेघर होतात. हरतात. शेवटी उरलेली सारी शक्ती एकवटून ते काही क्षणांसाठी जुने गाव पुन्हा दिसेल अशी माया रचतात. इमारती जाऊन शेते येतात, वाट येते, जुनी माणसे येतात, आणि काही तानुकी ती माया आहे हे विसरून आपल्या माणसांकडे धावत सुटतात. मग सारे विरते. पुतण्याने पाठवलेले चित्रही मायाच होती. पण तानुकींच्या मायेत कोणत्या शेतात कोण उभे होते हे त्यांना ठाऊक होते, म्हणून ते धावू शकले. आमच्या चित्रात धावत जावे असे कुणी नव्हते.

म्हणून पुढच्या सुट्टीत आम्ही पुतण्याला घेऊन गावी गेलो. बरोबर मोजपट्टी, चौकटीची वही आणि दोन पेन्सिली. आम्ही मोजत गेलो, तो लिहीत गेला. पायऱ्या पाच, तिसरी झिजलेली. कोनाडा जमिनीपासून साडेतीन फूट, वर काजळीचा डाग. खांबावरच्या सहा खुणा, त्यांतली सर्वांत खालची त्याच्या वडिलांची. ती पाहून तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग स्वतःच वही ओढून घेऊन खांब काढू लागला. त्याची रेषा वाकडी आली, पण खांबही वाकडाच आहे. यंत्राने हे घर वाचणार नव्हते, आमच्या वहीनेही वाचणार नाही. पण पुढे कुणाला ते सुताराकडून बांधून घ्यावेसे वाटले, तर मोजमाप आहे.

या वयात कार्टून का, याचे आमचे उत्तर एवढेच आहे. काटा नीट पाहायला, जिना कुणाचा आहे ते विचारायला, दोन टाळ्यांमध्ये थांबायला आणि उभ्या इमारतीभोवतालची राख पाहायला आम्हांला या चित्रपटांनी शिकवले. चार शौक चार दिशांचे वाटले तरी त्यांचे तोंड एकीकडेच होते.

मोजणी संपल्यावर आम्ही चहा घेऊन पडवीत बसलो. कोकणात किबला पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला. संध्याकाळी वारा सुटला, तो तिकडूनच आला.